तीसपैकी एकोणतीस

वाघमारे मॅडम प्रश्न विचारायला बसल्या की आधी आपली खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडं आणायच्या, पेशंटच्या शेजारी. "मधी टेबल असलं की माणसाला तहसील आठवतं," म्हणायच्या, "मग तो खरं बोलत न्हाई."

दवाखान्याच्या कागदावर त्यांचं पद 'मानसशास्त्रज्ञ' असं होतं. हा शब्द आमच्या भागात कुणी उच्चारत नाही. गावोगावच्या बाया त्यांना 'प्रश्नवाल्या बाई' म्हणत आणि लेकरं 'ठोकळेवाल्या बाई'. कारण त्यांच्या कापडी पिशवीत लाल-पांढऱ्या लाकडी ठोकळ्यांचा डबा असायचा, चित्रांचे पत्ते असायचे आणि छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा. मी त्याच खोलीत नर्स. गोळ्या देणं, रजिस्टर लिहिणं, बिथरलेल्या पेशंटला धरून बसवणं माझ्याकडं. माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कागदावर आणणं त्यांच्याकडं. नऊ वर्षं आम्ही एका खोलीत बसलो आणि एकाच गाडीतून शिबिरांना गेलो.

बुटक्या, सावळ्या, अंबाडा घट्ट बांधलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. साडी सुती. लिहायला कायम शिसपेन्सिल. "पेनानं लिहिलं की खोडता येत न्हाई सुमन, आन् माणूस तर रोज बदलतो." वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते एवढं एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. औरंगपुऱ्याच्या वसतिगृहात राहून एम. ए. कसं केलं, ते कधी सांगितलं नाही. सकाळी आल्या की पहिलं काम म्हणजे डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला वार आणि तारीख लिहायची. म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीची चाचणी त्याच प्रश्नानं सुरू होते: आज वार कोणता? "त्यानं बरोबर सांगितलं आन् मीच चूक धरलं तर?" असं म्हणून हसायच्या.

प्रश्न विचारला की त्या गप्प बसायच्या. मिनिट जाऊ दे, दोन मिनिटं जाऊ दे. बाहेर रांगेतली माणसं दार वाजवायची, मला घाई व्हायची, मीच मधे बोलायची, "सांगा की मावशी, झोप लागती का न्हाई?" तेव्हा त्या माझ्याकडं नुसतं बघायच्या. नंतर म्हणायच्या, "उत्तर खोल हिरीतलं असतं गं. बादली वर येईस्तोवर दोर हलवू नये."

पेडगावच्या शिबिरातली गोष्ट सांगते. छापील प्रश्नावलीत उदासीचे नऊ प्रश्न असतात आणि त्यांची भाषा अशी, की ती लिहिणाऱ्यानं कधी एस. टी.नं प्रवास केला नसावा. मॅडमनी समोरच्या म्हातारीला नियमाप्रमाणं वाचून दाखवलं, "गेल्या दोन आठवड्यांत आपणांस निरुत्साही, खिन्न अथवा हताश वाटले काय?"

म्हातारीनं विचार केला. "खिन्न? न्हाई बाई. आमच्याकडं सोयाबीन आन् तूर."

सगळे हसले. मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "आजी, सकाळी उठल्याव चूल पेटवू वाटती का?"

म्हातारी आमच्या डोक्यावरून शाळेच्या पत्र्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चूल? दोन वर्सं झाली. सून पेटवती. म्या नुसती बसते. राख बघत." आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

त्या दिवसापासून मॅडमनी एक वही केली. डाव्या पानावर छापील प्रश्न, उजव्या पानावर आपल्या बोलीतला. 'लक्ष केंद्रित करण्यात अडचण' याच्यासमोर लिहिलेलं होतं, 'भाकर करपती का? बाजारात मोजता मोजता माळवं इसरतं का?' वरच्या ऑफिसातून तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही बघितली. प्रश्नाचे शब्द बदलले की गुण ग्राह्य धरता येत नाहीत, असं त्यांनी बजावलं. साहेबांचं खोटं नव्हतं, मॅडमलाही ते माहीत होतं. मग त्या काय करायच्या, आधी छापील प्रश्न मोठ्यानं वाचायच्या, मग म्हणायच्या, "आता आपल्यात बोलू." गुण मात्र दुसऱ्या उत्तराचे द्यायच्या.

त्यांना कागदाची फार भीती होती. कागद खोटा होईल याची. चारठाण्याहून एक आई पोरीला घेऊन आली होती, बौद्धिक अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी. पोरगी आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, जराशी मंद वाटत होती पण डोळे चपळ. मॅडमनी ठोकळे मांडले, चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, "असं कर बरं." पोरीनं बघता बघता तसंच्या तसं जुळवलं. जुळवून झाल्यावर हसली. मग तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं, आणि हसू गेलं. तिनं आपल्याच हातानं दोन ठोकळे उलटे करून ठेवले.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. पोरीला माझ्याबरोबर पाणी प्यायला पाठवलं. दार अर्धं उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"चुकायला तुमी शिकवलं का ताई?"

बाई आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "शाळत तिला मागं बसवतेत. मास्तर म्हणतो हिचं डोकं न्हाई. डोकं न्हाई तर मग कागद तरी द्या. कायतरी एक द्या!"

"मला दिसलं त्येच मला लिहावं लागंल."

"तुमाला लेकरं हायत का?"

"न्हाईत."

"तरीच," बाई म्हणाली. आणि जाताना पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. पोरगी रडली नाही. मॅडमनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. संध्याकाळी पिशवी भरताना एवढंच म्हणाल्या, "तिला जुळवता आलं तेव्हा किती आनंद झाला व्हता. बघितलंस का तू?"

मी बघितलं होतं.

पहिली चूक कधी झाली ते मला सांगता येणार नाही. चुका दिसतात तेव्हा त्या जुन्या झालेल्या असतात. एकाच पेशंटला एकच प्रश्न दोनदा विचारला, मला वाटलं मुद्दाम. पेन्सिल हातात असून पेन्सिल शोधली, आम्ही दोघी हसलो. एकदा बाथरूमला गेल्या आणि अर्धा तास आल्या नाहीत. शोधायला गेले तर बाळंतपणाच्या वॉर्डात एका बाकावर बसलेल्या. म्हणाल्या, "जरा बसले." मी त्यांना हाताला धरून खोलीत आणलं. वय तरी काय होतं, त्रेपन्न.

मग येलदरीचा तो माणूस आला. धरणावर मासे धरणारा, चाळिशीचा, हाताला जाळ्याचे घट्टे. बरोबर धाकटा भाऊ. भाऊ तीस वर्षांचा, पण त्याला आपल्या पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती. तोंडातून एकसारखा एकच आवाज काढायचा. आई होती तोवर तिनं सांभाळलं. आई गेली. नवरा-बायको दोघं पाण्यावर जायचे, तेव्हा याला बघणारं कुणी नाही. अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था होती, पण तिथं प्रमाणपत्र लागतं. आणि त्याचं प्रमाणपत्र नामंजूर झालं होतं. तीन महिन्यांपूर्वीच्या अहवालात लिहिलं होतं की याचं अपंगत्व ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत नाही.

तो भांडला नाही. कागद मॅडमपुढं धरून म्हणाला, "बाई, ह्यात काय लिव्हलंय त्ये मला वाचता येत न्हाई. पर ह्याच्याकडं बघून सांगा, ह्यो शाना हाय का?"

मॅडमनी कागद घेतला. अक्षर त्यांचंच होतं, सही त्यांचीच. त्यांनी भावाकडं बघितलं, मग कागदाकडं. मग माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की हा माणूस पूर्वी या खोलीत येऊन गेलाय हे त्यांना आठवतच नाहीये.

त्यांनी कपाटातून मूळ उत्तरपत्रिका काढायला लावली. पेन्सिलीनं एकेक गुण मोजला. बेरीज एकोणीस येत होती, अहवालात त्यांनी आकडे उलटे उतरवले होते, एक्याण्णव. एवढंच. तेवढ्यानं माणूस शहाणा ठरला होता.

त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या उठल्या, मागच्या सहा महिन्यांच्या सगळ्या फायली खाली काढल्या आणि जमिनीवर बसून बेरजा तपासायला लागल्या. तीन दिवस आम्ही तेच केलं. त्या मोजायच्या, मग मी मोजायची. कुठं वय चुकलेलं, कुठं वजाबाकी, कुठं एका पोराचे गुण दुसऱ्याच्या कागदावर. चुकलेल्यांची नावं मी वेगळ्या कागदावर लिहून काढली. चौदा झाली. त्याच्या आधीच्या फायली दुसऱ्या इमारतीत गेल्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत.

मॅडम तो कागद घेऊन दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडं गेल्या. मीही गेले.

"सर, माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. मला या कामावरून काढा आणि या चौदा जणांची पुन्हा तपासणी करा."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, कामाचा ताण आहे. तुमच्या डोक्यात बिघाड आहे याला पुरावा काय?"

"या चुका."

"चुका सगळ्यांच्या होतात. चौदा प्रमाणपत्रं चुकीची गेली असं मी लेखी कळवलं, तर उद्या चौदाशेवर चौकशी लागेल. तुम्ही आधी तपासून घ्या. रिपोर्ट आणा, मग बघू."

त्या येलदरीवाल्याचा तेवढा नवा अहवाल मॅडमनी त्याच दिवशी करून दिला. पण एकदा नामंजूर झालेला अर्ज संगणकावर पुन्हा उघडेना. अपील करा म्हणाले. तो जिंतूरमार्गे दोन बस बदलून यायचा, भावाचा हात धरून. दोनदा आला. दुसऱ्या खेपेला भावानं बसमध्ये घाण केली म्हणून कंडक्टरनं त्यांना वाटेत उतरवलं होतं. नंतर आला नाही.

मॅडमना तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेलं, त्यांचे मिस्टर आणि मी. मिस्टर निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं खण उघडून एक कागद काढला. तो कागद मी लांबूनच ओळखला. तीच प्रश्नावली. तीस गुणांची, स्मरणशक्तीची. मॅडमनी ती हजारदा तरी घेतली असेल.

"आज वार कोणता?"

मॅडमनी मनगट जरा वळवलं आणि वार सांगितला. तारीखही सांगितली.

"मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. थोड्या वेळानं विचारीन." शब्दही तेच, वर्षानुवर्षं त्यांच्याच तोंडी असलेले. डॉक्टरनं दुसरा शब्द उच्चारायच्या आत त्यांचे ओठ तिसऱ्यावर गेले होते. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले, ते त्यांनी पाढ्यासारखे म्हटले. घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी पेन्सिलीनं गोल काढला, आकडे मांडले आणि अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे दाखवले, इतके सुबक की छापल्यासारखे. मी शपथेवर सांगते, येताना गाडीत त्यांनी मला तीनदा विचारलं होतं की आपण कुठं चाललोय.

तीसपैकी एकोणतीस.

"उत्तम," डॉक्टर म्हणाला. "काळजी करण्यासारखं काही नाही."

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "ही चाचणी मला पाठ आहे. तुम्ही दुसरं काहीतरी विचारा. काहीही विचारा. आज सकाळी मी काय खाल्लं ते विचारा."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. म्हणाला, "पाठ राहतंय म्हणजे स्मरणशक्ती चांगलीच आहे की." मी मधे पडले, बेरजांचं सांगितलं, वॉर्डातल्या बाकाचं सांगितलं. त्यानं डोक्याचा फोटोही काढून घेतला. वयाच्या मानानं ठीक, असा त्याचा निकाल आला. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि अहवालावर लिहिलं, 'कामाचा व कौटुंबिक ताण.'

परतताना मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. सेलूच्या अलीकडं म्हणाल्या, "सुमन, मी पास झाले गं. आता काय करायचं?"

गुरुजी पुढच्या सीटवर होते. ते मागं वळले नाहीत. त्यांची मान हलत होती तेवढी दिसत होती.

साहेबांना अहवाल मिळाला. ते म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं? मॅडम पुन्हा खुर्चीवर बसल्या. आता त्या चाचणी घ्यायच्या आणि त्या जेवायला उठल्या की मी गुपचूप बेरजा तपासायची. पण प्रश्न विचारतानाच त्या हरवायला लागल्या होत्या, तिथं माझा काय इलाज? एके दिवशी एका लहान पोरासमोर त्यांनी ठोकळ्यांचा डबा ओतला आणि ठोकळे हातात घेऊन बसल्या. पोरगं वाट बघत होतं, त्याची आई वाट बघत होती. मॅडमनी एक ठोकळा माझ्यापुढं धरला आणि हळूच म्हणाल्या, "सुमन, हे कशाचं हाय?"

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. गुरुजींनी राजीनाम्याचा कागद आणून दिला. कंत्राटी पद, निरोप नाही, नारळ नाही. त्यांच्या जागी एक मुलगा आला, हातात टॅबलेट. छापील प्रश्न वाचतो, बोट लावतो, बेरीज यंत्रच करतं. बेरीज कधी चुकत नाही. खुर्ची टेबलाच्या पलीकडं असते. ती बोलीतली वही मी त्याला दाखवली. तो म्हणाला, छान आहे, पण ह्याच्यात टाकायला जागा नाही.

आता माझं सांगते. ती चौदा नावांची यादी साहेबांनी मॅडमकडून घेतली नव्हती. ती माझ्याकडंच राहिली. त्या शेवटच्या संध्याकाळी निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, "सुमन, तेवढं तू बघ." मी बघते म्हणाले. माझंही पद कंत्राटी. दर वर्षी जून आला की पुन्हा घेतात का नाही याचा घोर. या महिन्यात नको, नेमणुकीचा कागद आल्यावर देऊ, असं करत मी ती यादी कपाटात ठेवली. कागद आला. मी यादी दिली नाही. मग साहेब बदलले. नव्या साहेबाला काय सांगायचं, इतके दिवस कुठं होता, असं तो विचारील. अशी दोन वर्षं गेली.

येलदरीला शिबिर लागलं तेव्हा मी त्या माणसाच्या घरी गेले. तो पाण्यावर गेलेला होता. घराच्या मागं लिंबाखाली त्याचा भाऊ बसला होता. कमरेला नायलॉनची जाळ्याची दोरी, तिचं दुसरं टोक झाडाला. जवळ पाण्याचा तांब्या आणि ताटलीत भात. दोरी लांब होती, त्याला सावलीत फिरता यावं एवढी. कुणीतरी विचार करून बांधली होती. शेजारीण म्हणाली, "काय करावं बाई, एकदा पाण्यात गेल्ता. बांधायला त्येला बी बरं वाटतंय का? बांधतो आन् रडतो." मी त्याच्याजवळ बसले. तो आवाज काढत राहिला. शिबिराची गाडी थांबली होती, मी उठले.

तिथून आल्यावर मला राहवेना. रविवारी मॅडमकडं गेले. गुरुजींनी आतून कुलूप काढलं, मला घेतलं आणि पुन्हा कुलूप लावलं. "बाहेर पडतेय," म्हणाले. "परवा रेल्वे फाटकापाशी सापडली."

मॅडम पलंगावर बसल्या होत्या. अंबाडा नव्हता. गुरुजींनी केस बारीक कापले होते, विंचरताना ओरडतात म्हणून. चेहरा मात्र नितळ, लहान मुलीसारखा. मला बघून सावरून बसल्या, पदर नीट केला.

"या, बसा. तुमी कोणाच्या?"

"मॅडम, मी सुमन."

"हो का," त्या म्हणाल्या. "बसा बसा."

गुरुजी चहा करायला आत गेले. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. यादीचं, कपाटाचं, दोरीचं. मी यादी दिली नाही, मॅडम, मी भ्याले, असं म्हणाले. मला त्यांनी रागवायला पाहिजे होतं. नुसतं एकदा त्या नजरेनं माझ्याकडं बघायला पाहिजे होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या साडीच्या काठाला हात लावून बघितला. "चांगलं हाय," म्हणाल्या. "कुठून घेतलं?"

चहा झाला. गुरुजी मला रिक्षापर्यंत सोडायला निघाले. त्यांनी फाटकाचं कुलूप काढलं, आम्ही बाहेर आलो आणि त्यांनी ते बाहेरून पुन्हा लावलं. मॅडम आमच्या मागं फाटकापर्यंत आल्या होत्या. दोन्ही हातांनी गज धरून उभ्या राहिल्या. गुरुजी रिक्षा थांबवायला पुढं गेल्यावर त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि अगदी अदबीनं, अनोळखी बाईशी बोलावं तसं विचारलं,

"बाई, तुमी त्या बाजूला चाललाव का? मला जरा माझ्या घरी सोडता का? लय येळ झाला, आमचे गुरुजी वाट बघायले असतील."

मी हो म्हणाले. आलेच म्हणाले. आणि रिक्षात जाऊन बसले.